दुप्पट डिंक
तुपात फुलणाऱ्या डिंकाचा वास आला की मेहकरचं माहेर आठवतं. पहिल्या बाळंतपणाला गेले, तेव्हा चाळिशी ओलांडलेली आई चुलीपुढे बसून लाडवांसाठी दुप्पट डिंक तळत होती. “एवढा काऊन वं माय?” “खाशीन तू,” ती म्हणाली, पण पदर पोटावरून ढळू देईना. माझ्या मनात पाल चुकचुकली. मग सुईण आली आणि मला सोडून आईचेच सुजलेले पाय दाबून पाहू लागली. “पोरीची फिकर नाही मले. या वयात तुयीच हाय.” “हळू बोल, पोरगी आयकून राह्यली,” आई शरमेनं पुटपुटली. माझ्यामागून महिन्याभरात तीही बाळंत झाली, पण त्यातून उठली नाही. ते सगळे लाडू मीच खाल्ले. पाजायला दोघं होती.