मामांची सातवी काडी

माणसाची आणि जनावराची खरी किंमत दातांवरून ठरते, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. उंब्रजला त्यांचा ऊस आहे. तोडणीला आला की नाही, हे कारखान्याचा माणूस यंत्रानं बघायचा. मामा सरीत शिरून एक कांडं दातांनी सोलायचे, चावायचे, थुंकायचे आणि "आजून बारा दिस" असं सांगून मोकळे व्हायचे. मी शिराळ्याहून मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. चहाच्या आधी हातात ऊस दिला. "सोला, पाव्हणं. दातानं." निम्म्यातच माझी हिरडी रक्ताळली. मामा भाचीला म्हणाले, "पोरगं बरं हाय. दात तेवढं दुधाचं हायती." तरी लग्नाला नाही म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

वीस वर्षं फौजेत काढून अंगावर ओरखडा न घेता परतलेल्या या माणसाचा जबडा मोडला तो म्हैस विकत घेताना. वय ताडायला त्यांनी तिचं तोंड उघडलं, स्वतःचं तोंड जवळ नेलं आणि तिनं मान झटकली. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. मलकापूरच्या दवाखान्यात पट्ट्या बसवल्या, वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधले आणि घरी सोडताना डॉक्टरांनी मामींच्या हातात तार कापायची एक छोटी पक्कड दिली. "उलटी झाली तर तोंड उघडणार नाही, श्वास कोंडेल. लगेच तारा कापायच्या," ते म्हणाले.

त्या पक्कडीबरोबर घरात भीती आली. मामांनी ती सुतळीनं गळ्यात अडकवली आणि घराला कवायत लावली. त्यांनी शिट्टी वाजवली की मामींनी हातातलं टाकून धावत यायचं, पक्कड धरायची आणि कुठली तार आधी कापायची ते बोटानं दाखवायचं. मामांच्या हातात घड्याळ. असं दिवसातून चारदा. एकदा मामी पिठाचे हात धुऊन आल्या, तर मामांनी पाटीवर लिहिलं, 'मेलो असतो.' मला हसू आलं. मामी आत गेल्या. पाणी प्यायला म्हणून मी मागोमाग गेलो तर त्या भिंतीला टेकून, हातात पक्कड नसतानाही, एकेक तार कापल्यासारखी बोटं मिटत होत्या. माझं हसू तिथंच विरलं.

तारा निघाल्यावर सुटलो असं वाटलं होतं, पण खरी भीती त्यानंतरच सुरू झाली. जबडा जुळला होता, तो उघडायची मामांची छाती होईना. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या. दातांमध्ये काड्यांची चळत धरायची, रोज एक वाढवायची. मामा सहाव्या काडीवर अडले. सातवी घातली की कानाजवळ 'कट्' वाजायचं आणि ते पांढरेफटक पडायचे. त्या आवाजाचा धसका इतका, की दाराची बिजागरी कुरकुरली तरी गाल धरायचे. शेवटी त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना, खाटेला आणि हापशालाही तेल घातलं. खालच्या ओठाला तर स्पर्शच कळेना. पेज हनुवटीवर ओघळली की मामी समोर बसून हळूच स्वतःच्या हनुवटीला बोट लावायच्या, मग मामा पुसायचे. पुढं ते चारचौघांत जेवेनासेच झाले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, पुढच्या सोमवारपर्यंत तोंड उघडलं नाही तर सांधा आखडेल, पुन्हा ऑपरेशन. मामा ओठ न हलवता म्हणाले, "परत न्हाई जायाचा मी तितं." ते खरंच जाणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात आमच्या मुलीचं उष्टावण होतं. बायकोला भाऊ नाही, म्हणून पहिला घास भरवायचा मान मामांचा. "माझंच सांडतंय, तिला काय भरवू?" म्हणत ते बराच वेळ उंबऱ्यातच उभे राहिले. शेवटी बसले. चांदीच्या वाटीत खीर होती. पोरगी ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडं बघत राहिली.

"आ कर, बाय. आऽऽ."

बाळाला भरवताना आपलंही तोंड उघडतं, तसं मामांचं उघडलं. सात काड्यांच्या कितीतरी पुढं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि कुणी श्वासही जोरात घेतला नाही, कारण बोललो असतो तर ते मिटलं असतं. पोरगी दोन घासांत तृप्त झाली, तोंड फिरवू लागली. मामी वाटीत आणखी खीर ओतत राहिल्या. मग त्यांनी चमचा उचलला आणि मामांसमोर धरला.

तेव्हा मामांना उमगलं. हात गालावर गेला. "भ्या वाटतंय गं," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

मामींनी चमचा खाली घेतला नाही. "मला बी वाटतंय. आ करा."

ऑपरेशन टळलं. पण ऊस काही मामांच्या दातांकडं परत आला नाही. भाकरीसुद्धा ते दुधात कुस्करूनच खातात. पक्कड खुंटीला आहे, ती काढायचं कुणीच नाव काढत नाही. तोडणीचे दिवस आले की ते मला सरीत नेतात, एक कांडं हातात देतात आणि मी चावत असताना माझ्या जबड्याकडं टक लावून बघतात. "काय म्हंतोय ऊस?" मला उसातलं काहीही कळत नाही. मी भीतभीत "आजून बारा दिस" म्हणतो आणि मामा मान हलवून घराकडं वळतात.