चार-दोनवर थांबलेली मॅच

आमच्या खानदानात एक समज आहे की मला टेनिस कळतं. तो समज मी कधी खोडला नाही. खरं विचाराल तर मला पाण्याच्या मोटारी कळतात; लातूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. टेनिसशी संबंध एवढाच, की माझी भाची अकरावी-बारावीला आमच्याकडं राहायला होती आणि तिला सकाळी स्कूटीवर कोर्टाला नेऊन सोडायचं काम माझ्याकडं होतं. ती खेळायची, मी बाकड्यावर बसून चहा प्यायचो. दोन वर्षं असा चहा प्यायला की माणूस तज्ज्ञ होतो. आमच्याकडं तरी होतो.

तिला लातूरला पाठवलं होतं ते अर्थातच डॉक्टर व्हायला. नांदेडचं लेकरू लातूरला मामाकडं येतं ते काही हवापालटाला येत नाही. टेनिस तब्येतीपुरतं, असं दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नवऱ्यानं, पोरगी माझ्या ताब्यात देताना बजावलं होतं. दाजींचं नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान. शब्द म्हणजे शब्द, माप म्हणजे माप. त्यांच्यासमोर मी आजही खुर्चीच्या कडेवरच बसतो.

बारावी झाली. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षाही तिनं दिली. मार्क असे पडले की नातेवाइकांना सांगता यावेत, पण सरकारी कॉलेज मिळू नये. आणि त्याच महिन्यात तिनं जाहीर केलं, की अमेरिकेतल्या एका कॉलेजनं तिचे खेळतानाचे व्हिडिओ बघून तिला टीममध्ये बोलावलंय. कॉलेजसाठी खेळायचं, शिक्षण आणि राहणं-खाणं ते बघणार. व्हिडिओ कुणी काढले, हे दाजींनी विचारलं. मी मोबाइल खिशात सारला.

महिनाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी दाजींनी सौदा केला. पहिल्या वर्षात एक तरी मॅच जिंकून दाखवायची. जिंकली तर पुढचं पुढं बघू. नाही तर मे महिन्यात परत यायचं आणि जूनला लातूरच्या रिपीटर बॅचला बसायचं. पोरगी काही बोलली नाही. आम्ही ते हो समजलो.

ती गेली, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की अमेरिकन टीममध्ये अमेरिकन पोरी नावालाच आहेत. निम्म्याहून अधिक टीम इंग्लंड-स्कॉटलंडची. दाजींच्या वडिलांना, म्हणजे घरातल्या आजोबांना, मी ही बातमी जरा घाबरतच सांगितली. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाले, "इंग्रजांशी आपलं काई वाकडं न्हाई. आपल्यावर राज्य निजामाचं व्हतं." झालं. नांदेडकडून परवानगी मिळाली.

इंग्लंडच्या पोरी अमेरिकेला कशाला जातात, हे मात्र मला कळेना. टेनिस तर त्यांच्याच घरचं. भाचीनं फोनवर समजावलं. तिची खोलीतली जोडीदारीण इंग्लंडच्या एका लहान गावची, बाप बस चालवतो. सतराव्या वर्षी तिला तिथल्या टेनिसच्या मोठ्या लोकांनी सांगितलं, की तू चांगली आहेस, पण पुरेशी चांगली नाहीस, आता आमचा वेळ तुझ्यावर घालवत नाही. अशा पोरा-पोरींना अमेरिकन कॉलेजं उचलतात. शिका आणि खेळा म्हणतात. ती जोडीदारीण घरातून निघताना रॅकेट सोडून काही घेऊनच निघाली नव्हती, स्वेटर नंतर पोस्टानं आला.

"मामा, तिला तिच्या देशानं नको म्हटलं, मला पप्पांनी," भाची म्हणाली. "आम्ही दोघीबी ऐकून राहिलो न्हाई."

हे वाक्य मी दाजींपर्यंत पोचवलं नाही. माझीही काही मर्यादा आहे.

अडचण अशी, की टीममध्ये पोरी आठ आणि एकेरी खेळायला सहा. आमची आठवी. जानेवारीत सीझन सुरू झाला, फेब्रुवारी गेला, मार्च गेला, ही बाकड्यावर. बाकड्यावर बसण्याचा अनुभव आमच्या घरात मलाच होता, म्हणून मी तिला धीर देत होतो. तिकडं दाजींनी मला फोन करून विचारलं, बॅचला नाव कधी नोंदवायचं. मी म्हटलं, बघतो. मोंढ्यात 'बघतो' म्हणणाऱ्या माणसाची काय किंमत असते, हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं.

एप्रिल लागला आणि एका बुधवारी तिचा निरोप आला. एकीचा पाय मुरगळलाय, दुसरी तापानं पडलीय, शनिवारी ती सहाव्या नंबरवर खेळणार. सीझनमधल्या शेवटच्या मॅचेस उरल्या होत्या. म्हणजे दाजींच्या सौद्याची मुदत संपत आली होती.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी नांदेडला निघालो. गाडीत पेढ्यांचे बॉक्स होते. हरली तर गुपचूप परत आणायचे असा माझा विचार होता. बायको म्हणाली, तुमच्या हातून आजवर काही गुपचूप झालंय का.

तिकडची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. भिंतीवरच्या टीव्हीला मोबाइल जोडला. अक्का, दाजी, आजोबा आणि मी. मला मधली खुर्ची, कारण मी तज्ज्ञ. आधी जोड्यांच्या मॅचेस झाल्या, त्यात आमची नव्हती. मग सहा कोर्टांवर सहा मॅचेस एकदम सुरू झाल्या. प्रत्येक कोर्टावर एक कॅमेरा खांबावर बांधलेला, बोलणारा कुणी नाही. आम्ही सहा नंबरचा लावून बसलो. समोरची पोरगीही इंग्रजच निघाली. दोन अमेरिकन कॉलेजांची मॅच, आणि जाळीच्या एका बाजूला इंग्लंड, दुसऱ्या बाजूला नांदेड.

गोंगाट मात्र विचारू नका. आपल्याकडं टेनिस म्हणजे ग्रंथालय; तिकडं कबड्डीचं मैदान. एका कोर्टावरची पोरगी दुसऱ्या कोर्टाकडं बघून ओरडते, बाकड्यावरच्या पोरी नाचतात. अक्कानं दोनदा विचारलं, भांडणं लागली का. मी म्हटलं, हे तिथलं चालतं. मला काहीएक माहीत नव्हतं.

पहिला सेट आमची हरली. दाजींनी चहा सांगितला. दुसरा ती जिंकली, चहा तसाच निवला. तिसऱ्यात ती दोन-दोनवरून पुढं गेली. तीन-दोन. चार-दोन. माझ्या भाचीला मी रोज सकाळी बघत होतो, पण अशी कधी बघितली नव्हती. लातूरला ती चेंडू परत करायची. इथं ती चेंडूच्या मागं लागली होती. चुकली की स्वतःच्याच मांडीवर चापट मारायची, आणि पुढचा चेंडू आणखी जोरात. अक्का जागेवरून उठून टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली, आम्हाला काही दिसेना, पण तिला बस म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आणि एकदम पलीकडच्या कोर्टावरून आरडाओरडा झाला. आमच्या टीमच्या पोरी पळत कोर्टावर आल्या, एकीनं येऊन भाचीला मिठीच मारली, अगदी उचलली तिला. समोरच्या इंग्रज पोरीनं जाळीवर येऊन हात मिळवला. कॅमेऱ्यासमोर फक्त पाठीच पाठी.

"काय झालं?" दाजी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तज्ज्ञ मी. हात मिळवला म्हणजे मॅच संपली, मिठी मारली म्हणजे जिंकली. "समोरचीनं हार मानली," मी जाहीर केलं. "दम लागला तिला. आपली पोरगी जिंकली."

अक्कानं पदर डोळ्याला लावला. हसू आवरण्यासाठी दाजींना मिशीवरून हात फिरवावा लागला. मी खाली गाडीकडं धावलो. आमच्याकडं निकाल लागला की पेढा त्याच घटकेला गल्लीत जायला पाहिजे. उशीर झाला तर लोकांना वाटतं मार्कांत काहीतरी गडबड आहे. समोरचे शिलाईवाले चाचा, शेजारचे निवृत्त हेडमास्तर, कोपऱ्यावरचं मेडिकल, घर एक सोडलं नाही. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी जणू स्वतः खेळून आलो होतो.

रिकामे बॉक्स घेऊन वर आलो आणि तिचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला आणि अभिनंदन केलं.

"कशाचं?" ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते असं. तिथं मॅच एकटीची नसते, टीमची असते. एकूण सात गुण, सहा एकेरीचे आणि एक जोड्यांचा. ज्या टीमचे चार आधी झाले ती जिंकली. चौथा गुण आला की बाकीच्या मॅचेस आहे तिथं थांबवतात. शेजारच्या कोर्टावर तिची जोडीदारीण, ती बसवाल्याची पोरगी, जिंकली आणि आमचा चौथा गुण झाला. मिठी मारणारीही तीच. हिची मॅच चार-दोनवर थांबली. ती कुणाच्याच नावावर लागत नाही. ना जिंकली, ना हरली. जोडीदारीण तेव्हापासून सॉरी म्हणतेय, अजून थांबली नाही.

मी स्पीकर बंद करायला गेलो तर दाजींनी माझा हात धरला.

मी माझ्याकडून सावरायला बघितलं. म्हटलं, बाळा, टीम जिंकली ना, तू टीममध्येच ना, मग जिंकलीच की. शिवाय इकडं गल्लीभर पेढे गेलेत. आपण कशाला कुणाला खोलात जाऊन सांगायचं.

"मामा, टीम जिंकली. मी जिंकले न्हाई. ज्यांना पेढे दिले त्यांना जाऊन सांग."

"अगं पण..."

"अन् पप्पा ऐकून राहिले ना? पप्पा, मी मेमध्ये येणार हाय, सुट्टीला. ही माझी मैत्रीण पण येणार हाय सोबत. बॅचला बसायला मी येणार न्हाई. आज जिंकले असते तरी हेच सांगणार होते. तुमची अट तुम्ही घातली होती, मी हो कवा म्हणलं?"

आणि तिनं फोन ठेवला. म्हणजे तिची बस निघायचा टाइम झाला होता, असं तिनं नंतर मला सांगितलं. पण त्या वेळी आम्हा सगळ्यांना तो तोंडावर आपटल्यासारखाच वाटला.

दाजींनी उठून टीव्हीचं बटण बंद केलं. मग म्हणाले, माप पुरं झालं न्हाई तर सौदा झाला असं कसं म्हणायचं. शब्द शब्द असतो. जूनला बॅच.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दाजींच्या सौद्यात ती कधी बोलली नव्हती. "बॅचला कुणी बसायचंच असंल तर मला बसवा," ती म्हणाली. "मी बसते. पोरगी येत न्हाई."

आजोबांनी सुपारी कातरायची थांबवली. मग पुन्हा सुरू केली.

सकाळी मी लातूरला सटकायच्या बेतात होतो, तर दाजी पांढरा सदरा घालून दारात तयार. म्हणाले, चला मेव्हणे, गल्लीत जायचंय. आपल्या घरातून खोटा निरोप गेलाय, तो दुरुस्त करून येऊ. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती. पेढा देताना मी पुढं होतो. परत सांगताना दाजींच्या मागं लपलो.

चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पेढा तो हजम हो गया, वापस कैसे करूँ. तिथं सोपं गेलं. हेडमास्तरांकडं नाही. त्यांचा नातू डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि गुरुजींना कुठलीही गोष्ट पास की नापास एवढीच समजते. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "म्हणजे थोडक्यात हरली."

"हरली न्हाई," दाजी म्हणाले.

"पण जिंकली नाही ना?"

"थांबिवली. पुढं असताना थांबिवली." दाजी ओट्यावर चढून बसले. "गुरुजी, काट्यावर माल चढलाय, काटा आपल्या बाजूला झुकलाय, अन् कुणी मधीच पारडं उचललं, तर माल कमी भरला म्हणता का तुम्ही?"

गुरुजी म्हणाले, निकाल तो निकाल. दाजींनी मग त्यांना ओट्यावर बोटानं सहा कोर्टं काढून दाखवली. चार गुण कसे होतात, सात का असतात, चौथ्याला सगळं का थांबतं. आदल्या संध्याकाळी जे मला कळलं नव्हतं ते दाजींनी एका फोनवर पाठ केलं होतं. समोरची इंग्रज होती, हेही सांगितलं. पहिला सेट गेल्यावर आमची उठली, हे दोनदा सांगितलं. पुढच्या घरी चार-दोन हा आकडाही आला. कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत पोचलो तेव्हा दाजी म्हणत होते, दोन गेम राहिले होते हो, नुसते दोन. मेडिकलवाल्याला वाटलं, दुकान उघडल्या-उघडल्या यांची काय तक्रार आली.

परत येताना ते माझ्या पुढं चालत होते. दारापाशी थांबले, पायातली चप्पल काढता काढता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला फोन लावा. म्हणावं, तुझ्या खोलीतल्या त्या इंग्रज पोरीला सांग, पुढच्या येळेस जरा सावकाश जिंक."