खांबाजवळची जागा

भाऊ गेल्याची तार आली तेव्हा मी अंगणात सुपारी वाळत घालत होते. तारेत 'अपघात' एवढंच होतं... पण मला ती चिंचेची सावली आठवली. महिना उलटला, ती अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमचा हा थोरला भाऊ मुंबईच्या प्राणिबागेत हत्तींकडे कामाला होता. मी मूळची भित्री, तरी एकदा त्यानं हौसेनं मला आवारात नेलं. हत्तिणी पलीकडे आंघोळीला गेल्या होत्या. ऊन रणरणत होतं, म्हणून मी आपली चिंचेखाली उभी राहिले. तेवढ्यात तिघी परतल्या. पुढची थोरली थबकली, तिनं कान पसरले. भाऊ हळूच म्हणाला, "बाय, ती तिची जागा हाय. पाठ फिरवू नको. भिंतीच्या कोपऱ्यात सरक, तिथं ती येत नाय." कशी सरकले, देव जाणे. थोरली सावलीत शिरली, मधली पाण्याच्या टाकीशी गेली. कोपरा धाकटीचा होता आणि तिथं मी, म्हणून ती बिचारी उन्हातच थांबली. एवढं मोठं आवार, पण तिला दुसरीकडे जागाच नव्हती.

"भांडत नाहीत?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"जागा ठरलेली हाय, तवर नाय."

बाबा वारले त्यानंतर, शहाऐंशीच्या शिमग्याला, आम्ही भाऊला पडवीत खांबाजवळ, बाबांच्या जागी बसवलं. कर्ता आता तोच. घटकाभर बसला आणि उठून दाराजवळच्या कोपऱ्यात गेला. "हितनं मला कोन उठवनार नाय," म्हणाला. आम्ही हसलो. गणपतीत आला तेव्हा मात्र जेवता जेवता म्हणाला, "थोरली थकली गो. मधली सावलीत घुसतेय. मला भ्या वाटतं." भाऊला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जाऊ नको म्हटलं, तर म्हणे, "मग त्यांना चारा कोन घालनार?" दुसऱ्या दिवशी हातखंब्याच्या नाक्यावर जाऊन त्यानं मुंबईची गाडी धरली.

अपघात झाला तेव्हा भाऊ चिंचेखाली झाडत होता म्हणे. थोरली आणि मधली एकमेकींवर धावल्या, तो मध्ये सापडला.

आता माझे उरलेले दोघे भाऊ खांबाजवळ येऊन नुसते रेंगाळतात. परवा मोठ्यानं तिथं आपली चटई टाकली. धाकट्यानं ती उचलून अंगणात ठेवली. मी उठले आणि भाऊच्या कोपऱ्यात जाऊन बसले. त्याच्या टेकण्यानं तिथला भिंतीचा चिरा गुळगुळीत झालाय. त्याला टेकून, पाठ न फिरवता, मी दोघांकडे बघत राहिले.