नाटकातली आजी

आमच्या पथनाट्यात मी आजी होते. दसऱ्याच्या आसपास, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, आम्ही बचत गटाच्या बायका पाटोद्याच्या बाजारात आणि भोवतालच्या गावांत हे नाटक करतो. तालुक्याहून एक ताई येते, तिनं ते बसवलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाठ करायला कागद दिला तो मी वाचला, पण ताई म्हणाली, कागदातलं बोलू नका, घरात बोलता तसं बोला. ते मला जमलं. आमच्या मालकांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे जन्मभर मोठ्यानं बोलायची सवय होती. ते गेले, आवाज राहिला.

नाटक लहान आहे. नवरा-बायको ऊसतोडीला निघालेत. मुकादम घाई करतोय. ट्रॅक्टरवर सगळा संसार चढलाय आणि वर त्यांची शाळेत जाणारी पोरगी बसलीय. मुकादमाचं काम गिरणीवाली करते, काजळाची मिशी काढून. पोरगी होते अंगणवाडीतली मदतनीस, ती माझ्याहून रुंद आहे. तिला दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या की बाया आधीच पदर तोंडाला लावतात. हसून झालं की मी येते. मी म्हणते, "पोरीला खाली उतरव. तिची शाळा हाय. माझ्यापाशी ठेव. माझ्या भाकरीतली अर्धी तिला देईन, पर तिला उसाच्या फडात नेऊ नको." मग हलगी थांबते. मग आम्ही सगळ्या मिळून विचारतो, ज्याची विहीर त्याचंच पोर शिकणार का, आणि दुसऱ्याचं पोर उसाच्या पाचटात झोपणार का.

आमची विहीर आहे. मी कधी ऊस तोडला नाही. गटात फडात जाऊन आलेल्या बायका आहेत, पण हंगामात त्या गावात नसतात आणि हंगामाआधी त्यांना तालमीला वेळ नसतो. त्यामुळे ऊसतोडीचं नाटक ऊस न तोडलेल्या बायका करतात. हे मला तेव्हा खटकलं नाही.

ताईनं आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. सगळ्यांकडं बघून बोललं की कुणालाच लागत नाही. समोरचा एक माणूस धरायचा आणि त्यालाच सांगायचं. मी प्रत्येक गावात असं कुणीतरी धरायचे. जी बाई नीट ऐकतेय ती.

गेल्या साली आमच्याच गावात, मारुतीच्या पारापुढं नाटक झालं. तिथं मी जिला धरलं ती पाझर तलावाकडच्या वस्तीवरची बाई होती. कडेवर तान्हं पोर, शेजारी पाचवीतली मुलगी. रिबिनी बघून सगळ्या हसल्या, ती हसली नाही, म्हणून माझी नजर तिच्यावर बसली. ती आणि तिचा नवरा दरसाल ऊसतोडीला जातात. मुलगी आजवर आजीपाशी राहायची आणि शाळेत जायची. ती आजी त्याच पावसाळ्यात वारली होती. मी तिच्या दहाव्याला जाऊन आले होते, म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. आमच्या गावात मुलांच्या राहण्यासाठी हंगामी वसतिगृह नाही. शाळा भरते, दुपारची खिचडी मिळते, पण रात्री पोरानं कुठं जायचं, हा प्रश्न राहतोच.

मी तिच्याकडं बघून माझं वाक्य म्हटलं. चांगलं म्हटलं. टाळ्या पडल्या. खरा मुकादम पुढंच खुर्चीवर होता, तो गिरणीवालीला म्हणाला, "मिशी झकास जमली वहिनी. पर या आवाजावर एकबी कोयता, एकबी जोडपं तुमच्या टोळीत यायचं न्हाई." सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सोयाबीन वाळत घालून बसले होते. ती बाई आली. डोक्यावर बाजरीचं गाठोडं, मागं मुलगी. मुलीची अंघोळ झालेली, केसाला तेल, पाठीला दप्तर, हातात कपड्यांची पिशवी. मला वाटलं, गिरणीला चाललीय.

गाठोडं खाली ठेवून ती म्हणाली, "काकू, हिला आणलं."

"कशाला?"

"काल तुमी म्हणलात न्हवं, माझ्यापाशी ठेव म्हणून."

"अगं, ते नाटक होतं."

"व्हय की, नाटकच व्हतं. पर तुमी माझ्याकडंच बघून म्हणलात." ती अगदी शांतपणे बोलत होती. "घरी जाऊन मी मालकांना सांगितलं. ते म्हणले, काकूंचं घर हाय, सोन्याहून पिवळं झालं. ही बाजरी आणली हाय. आनखी धाडू. ती लई खात न्हाई. झाडलोट करती, भांडी घासती. शाळा सुटली की घरातच बसंल."

आमचं बोलणं चाललं होतं तोवर मुलीनं माझ्याजवळची काठी उचलली आणि सोयाबीनवर आलेल्या कोंबड्या हाकायला लागली. तिच्या मनानं ती राहिलीच होती.

मी कारण शोधत होते. भाकरी होती. जागा होती, मागच्या खोलीत नुसती पोती होती. सून आहे, मुलगा आहे, नातू त्याच शाळेत तिसरीला. कारण एकच होतं, मला नको होतं. लोकाची वयात येणारी पोर. उद्या काही झालं तर गाव मला विचारणार. तिची वेणी, तिचा ताप, तिची आईची आठवण. माझं सगळं करून झालं होतं आणि आता पुन्हा कुणाचं काही करायची माझी इच्छा नव्हती. असं सांगता येत नाही. आदल्या दिवशी पारावर अर्धी भाकर देणाऱ्या बाईला तर येतच नाही.

मी म्हणाले, "माझं काय न्हाई गं. सुनेला चालायचं न्हाई. आता घर तिचं हाय."

सून दारातच उभी होती, हातात परात घेऊन. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

बाईनं त्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं. तसं असंल तर न्हाई."

तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. गाठोडं डोक्यावर चढवायला तिला हात लागत होता, तो मी दिला. मुलीनं काठी भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि आईच्या मागं गेली.

दुपारी सुनेनं मला वाढलं आणि समोर बसली.

"आत्याबाई, माझं नाव कावून घेतलं?"

"मग काय सांगणार होते?"

"मला इचारायचं तरी. मी ठेव म्हणले असते. आपल्या पोराला सोबत झाली असती."

"करायला तुलाच लागलं असतं."

"एरवी कोण करतंय?" ती म्हणाली. "आता नळावर गेलं की चार बाया माझ्याकडंच बघणार. तुमी नाटकात चांगल्या आन् मी घरात वाईट."

मी भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी बोलले.

त्याच आठवड्यात लिंबागणेशला नाटक होतं. मी येत नाही म्हणाले असते तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून गेले. तिथंही तेच वाक्य म्हटलं आणि तितक्याच मोठ्यानं म्हटलं. तिथं कुणी मला ओळखत नव्हतं. तिथली कुठली बाई सकाळी पोर घेऊन माझ्या अंगणात येणार नव्हती. हा विचार मी नाटक चालू असताना केला, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मला अजून विसरता येत नाही.

आमच्या गावची टोळी निघाली त्या दिवशी मी फाट्यावर गेले. सून म्हणाली जा, म्हणून गेले हे खरं, आणि घरात बसवत नव्हतं हेही खरं. ट्रॅक्टर उभा होता. मागं ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, बाजा, पाण्याचे ड्रम, एक शेळी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. वर गोधड्यांवर ती मुलगी बसली होती, मांडीवर तान्हं पोर. दप्तर कुठं दिसलं नाही.

मी खाली उभी राहून तिच्या आईला म्हणाले, "पोरीला खाली उतरव. माझ्यापाशी ठेव."

मला दुसरे शब्दच आले नाहीत. आवाजही तोच निघाला. भोवती पोचवायला आलेली माणसं होती, त्यांतला एक जण म्हणाला, "काकूंनी फाट्यावर बी नाटक लावलं बगा." माणसं हसली.

बाई हसली नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि वर मुलीला विचारलं, "राहतीस का गं?"

"न्हाई."

"कावून? शाळा हाय न्हवं."

"त्यांच्यात मी नको हाय," मुलगी म्हणाली. रडली नाही, रुसली नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं आणि बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

आईनंच मला सांभाळून घेतलं. म्हणाली, "तिला बाळाची लई सवय हाय काकू. ती न्हाई राहायची." तेवढ्यात मुकादम ओरडला, "चला बे, चढा लवकर." ट्रॅक्टर निघाला. मी तिथंच उभी राहिले, कारण लगेच वळून घरी जायलाही लाज वाटत होती.

ताईला मी हे सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. ती म्हणाली, "आजी, तुम्ही एकट्या सगळ्यांची पोरं कशी सांभाळणार? आपलं नाटक गावानं जागं व्हावं, वसतिगृह मागावं, म्हणून आहे. हा भार एका बाईचा नाही." ती शिकलेली आहे, म्हणते ते बरोबर असेल. पण मला सगळ्यांची पोरं सांभाळायला कुणी सांगितलं नव्हतं. एकच आणली होती. वर बाजरीही आणली होती.

गुढीपाडव्यानंतर टोळी परत आली. मी मागची खोली झाडून घेतली होती. सुनेला विचारलं होतं, मुलाला विचारलं होतं. मग वस्तीवर गेले. बाईनं बाज टाकली, चहा ठेवला. घरात दूध नव्हतं, ते तिनं शेजारून आणलं. मुलगी उंबऱ्यावर बाळाला घेऊन बसली होती. हंगामात ती वाढली होती आणि काळवंडली होती.

मी म्हणाले, "येत्या दसऱ्याला हिला माझ्याकडं सोड. घरात सगळ्यांना इचारलंय."

"आता न्हाई जमायचं, काकू." ती चहा गाळत होती. "हे बारकं तिच्याबिगर राहत न्हाई. तिकडं कोपीवर, झोपडीत, ती याला बघती, सैपाक बी करती. मला फडातनं मधी उठावं लागत न्हाई. मालकांनी मुकादमाला सांगून टाकलं, पुढच्या साली बी पोरगी संगं येनार."

तो एक हंगाम ती गेली नसती तर तिच्यावाचून कसंतरी भागतं, हे त्यांना कळलं असतं. ती गेली, आणि तिच्यावाचून भागत नाही, हे कळलं. तिच्या आईबापाला मी दोष देत नाही. मीही तसंच केलं असतं.

बाई म्हणाली, "तुमी मनाला लावून घेऊ नका. सुनेपुढं कुणाचं चालतंय?"

कप माझ्या हातात होता. मी म्हणाले, "सुनेचं काय न्हाई. तिला मी इचारलंच नव्हतं. मलाच नको होतं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्या दारात उभ्या व्हत्या न्हवं. तोंड बगितलं मी त्यांचं."

म्हणजे त्या सकाळी गाठोडं उचलतानाच तिला ठाऊक होतं. फाट्यावर मला सांभाळून घेतलं तेव्हाही ठाऊक होतं. सांगून टाकलं की हलकं वाटेल, अशी माझी समजूत होती. तिनं भांड्यात उरलेला चहा माझ्या कपात ओतला आणि उन्हाळ्यात तलाव आटलाय, त्याबद्दल बोलत राहिली.

शाळेत मी चौकशी केली होती. पोर हंगामभर आलं नाही तरी नाव कटत नाही, वर्ग पुढं सरकतो, असं गुरुजी म्हणाले होते. ते मला त्यातल्या त्यात बरं वाटलं होतं. निघताना मी मुलीपाशी थांबले.

"आता कितवीत जाणार?"

"गुरुजींना ठाऊक," ती म्हणाली.

तिची आई आतून म्हणाली, "नीट सांग की काकूला."

मुलगी बाळाचं नाक पुसत होती. तिनं नीटच सांगितलं होतं.