वशिल्याचा दवाखाना

सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते केसपेपर काढून आपणच आत येतात! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापूर जिल्ह्यात मलकापूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट म्हणून लागलो आणि पुढची बरीच वर्षं औषधाच्या खिडकीत काढली. आपल्या लोकशाहीत कुणाला किती मान आहे, हे त्या खिडकीतून जेवढं कळलं तेवढं पेपर वाचून कधी कळलं नाही.

*

एकदा एक पावणं सभापतींची चिठ्ठी घेऊन आले. 'माणूस आपला आहे. चांगले औषध द्यावे.' खोकल्याचं औषध आमच्याकडे एकच, लाल. मी चिठ्ठी दोनदा वाचली, गंभीरपणे मान हलवली आणि तेच दिलं.

आठ दिवसांनी गडी खूश. "लई गुण आला! आमच्या शेजाऱ्यानं चिठ्ठीबिगर नेलतं, त्यो अजून खोकतोय बगा!"

*

नवीन वॉर्डाचं उद्घाटन. मंत्री येणार, फोटो निघणार आणि नेमका त्याच दिवशी पेशंट एकही नाही! मग डॉक्टरांनी आमच्या दत्तू शिपायाला कॉटवर झोपवून गळ्यापर्यंत चादर ओढली. मंत्र्यांनी मोठ्या मायेनं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"घरी कधी सोडणार म्हणतात?"

"तुमी गेलासा की लगीच, साहेब!"

*

पल्स पोलिओच्या वेळी एका गावात आम्ही सरपंचांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या ओसरीवर, बूथ मांडला. दुपारपर्यंत अर्धं गाव फिरकलंच नाही. आमच्या कांबळे सिस्टर विरोधी गटाच्या पुढाऱ्याकडे गेल्या.

"अवो, थेंब सरकारचं हायत, सरपंचांचं न्हाईत!"

"व्हय की. पर सोपा त्यांचा हाय."

शेवटी दुसरा बूथ ह्या पुढाऱ्याच्या सोप्यात मांडला. तासाभरात उरलेली सगळी पोरं आली. त्यांच्यामागून सरपंचांची सूनही पोराला घेऊन दुसऱ्यांदा आली. म्हणाली, "माझं म्हायेर ह्या गटातलं हाय!"

*

कांबळे सिस्टरांपुढे मात्र कुणाची चिठ्ठी चालायची नाही. एक मेंबर रांग सोडून थेट पुढे घुसले. सिस्टरांनी अडवलं तसे तापले. "मला वळखलं न्हाई व्हय?"

"वळखलं की! इलेक्शनला आमच्या दारात हात जोडून हुबं होतासा. तसंच हुबं ऱ्हावा!"

*

एक किस्सा सांगताना मात्र मला अजून गलबलून येतं.

भर दुपार. डॉक्टर मीटिंगला कोल्हापूरला गेलेले. भात कापताना घोणस चावली म्हणून एका मजूर बाईला आणलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, डोळ्यांवर ग्लानी. विषावरची इंजेक्शनं शिल्लक होती एकाच माणसापुरती. सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावून विचारून घेतलं आणि त्या सुरू करणार तोच दारात जीप थांबली. तालुक्यातल्या एका बड्या पुढाऱ्याच्या पुतण्यालाही साप चावलेला! सोबत पंधरा-वीस माणसं.

"आदी आमच्या पोराला द्या!" पुढारी गरजले.

"बाई आदी आलीया, साहेब."

"बदली करीन!"

"करा की. पर ऑर्डर येईतवर मी हितंच हाय."

असं म्हणून सिस्टरांनी बाईला इंजेक्शन चालू केलं. मी मात्र खिडकीआड खाली मान घालून गोळ्या मोजत राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

तेवढ्यात ड्रायव्हरनं जीपमधून पोतं आणून मारलेला साप फरशीवर टाकला. बिनविषारी धामण! सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण बाहेर लोक जमलेले, पुढाऱ्यांचा मान राहायला हवा, म्हणून पुतण्याला शेजारच्या कॉटवर नुसतं सलाईन लावलं. त्याच्याभोवती हा गराडा!

संध्याकाळी बाईनं डोळे उघडले. उशाशी सिस्टर एकट्याच. बाईनं शेजारच्या कॉटकडे पाहिलं आणि सिस्टरांचा हात धरला.

"सिस्टर, माझं ऱ्हाऊ द्या. आदी त्या पावण्याला बगा. एवढी माणसं जमल्यात, लई सिरीयस असंल त्यो!"