भांडणापुरतं इंग्रजी

शिकवणीला कुणी आलं की बाई आधी एकच प्रश्न विचारत, "इंग्रजी कशासाठी हवंय?" लॉजवरच्या कारकुनाला पाहुण्यांशी बोलायचं असायचं, नर्सला परदेशी जायचं असायचं, कुणाच्या मुलीची तोंडी परीक्षा तोंडावर आलेली असायची. कारण कळलं की त्या मापाचं पुस्तक काढायचं. गल्लीच्या टोकाला दुकान असलेली शिंपीण मात्र खुर्चीत नीट टेकायच्या आतच म्हणाली, "भांडायला."

"कुणाशी?"

"सुनेशी. आणखी कुणाशी!"

बाई स्वतः या देशात परक्याच. नवऱ्याच्या नोकरीमागून आल्या, इथली भाषा बाजारात घासाघीस करता करता शिकल्या, आणि घरी बसून करायचं काय म्हणून जेवणाच्या टेबलावर शिकवण्या सुरू केल्या. टेबलाच्या एका टोकाला विद्यार्थी, दुसऱ्या टोकाला निवडायची राहिलेली भाजी. आजवर त्यांनी लोकांना 'कृपया' आणि 'माफ करा' शिकवलं होतं. ही मागणी नवीच होती. त्यांनी भाजी बाजूला सारली.

"फार त्रास देते का हो सून?"

"देती तर बरं झालं असतं!" शिंपीण उसळून म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. तिच्या मुलाने बोटीवरच्या नोकरीत असताना भलत्याच देशातली मुलगी पसंत केली, लग्न केलं आणि आईजवळ आणली. आता तो इथेच दिवसभर कामावर. घरात उरल्या दोघी, आणि दोघींच्या मध्ये इंग्रजी. सुनेचं फाडफाड, सासूचं जेमतेम. सुनेची इथली भाषा 'भूक लागली' आणि 'झोप आली'पाशी अडलेली.

"ती म्हणते व्हेरी नाइस, मी म्हणते थँक यू. स्वतःच्या खोलीची खिडकी उघडायची तर मला विचारते! रुसत नाही, हट्ट करत नाही, भाजी खारट झाली तरी मुकाट गिळते. बाई, ही पाहुणी आहे हो. आणि पाहुणी कितीही रमली तरी एक दिवस चपला घालतेच. मुलगा म्हणतो, हिचं मन लागलं तर राहू, नाहीतर तिच्या गावी जाऊ. तो गेला की मी आणि माझं मशीन, दोघंच एकमेकांचं तोंड बघत बसणार."

"मग प्रेमाने बोला की तिच्याशी."

"गोड बोलून बोलून पाकात बुडालोय दोघी! माझ्या सासूने पहिल्याच महिन्यात माझं माहेर काढलं होतं, मीही तिचं काढलं. त्यानंतर कुठे आमचं जमलं."

बाईंना हे पटलं नाही, पण डोक्यातून जाईना. त्यांनी घरातली सगळी पुस्तकं उलटीपालटी केली. भांडणाचा धडा एकाही पुस्तकात नव्हता. फार तर हॉटेलात सूप गार आलं आणि गिऱ्हाइकाने मॅनेजरला बोलावलं, एवढंच. आणि नवल म्हणजे आपण स्वतः इंग्रजीत कधी चिडलो, हेही त्यांना आठवेना. इंग्रजीतून पदवी घेतली, अर्ज लिहिले, सांत्वनाची पत्रंसुद्धा लिहिली. राग तेवढा आईच्या भाषेतच राहिला होता.

नवरा कामावरून आला तशा त्या म्हणाल्या, "अहो, चला, इंग्रजीत भांडू या."

"कशावरून?"

"पलंगावर ओला टॉवेल पडलाय की तुमचा."

सुरुवात दोन साहेब मीटिंगला बसल्यासारखी झाली. नवरा इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या मुद्द्याची मी नोंद घेतो."

"नोंद कसली घेता? लग्न झाल्यापासून तो टॉवेल तिथेच पडतोय!" बाई आपल्या भाषेवर कधी घसरल्या त्यांनाच कळलं नाही. मग जे रंगलं ते टॉवेलावरून निघून थेट नणंदेपर्यंत पोचलं. सगळं ओसरल्यावर भांडी विसळताना बाई मध्येच थांबल्या. एवढा आवाज चढवला, पण हा माणूस उठून चालता होईल अशी शंकासुद्धा आपल्या मनाला शिवली नाही. शिंपिणीचं म्हणणं त्यांना तेव्हा थोडं उमगलं.

शिकवणी दुकानातच सुरू झाली. बाईंनी एकच अट घातली, शिव्या शिकवणार नाही. 'मला विचारलंस का?', 'ही काय पद्धत झाली?', 'गप्प का, बोल की!' अशी वाक्यं त्यांनी स्वतःच जुळवली, आणि पुस्तकातलं म्हणून गार सुपाचं वाक्यही जोडीला दिलं. अर्धवट शिवलेला कोट चढवलेला पुतळा समोर उभा असे. शिंपीण त्याच्यावर तुटून पडे, आणि आवाज चढला की पायाखालचं मशीनही भरधाव सुटे.

"अहो, रडवेल्या नका होऊ. डाफरा!"

"डाफरतेय की! हा मेला निर्लज्जच आहे, हूं की चूं करत नाही."

सून कधी बाईंना पाणी आणून द्यायची. आत ये म्हणेपर्यंत दारातच उभी. चेहऱ्यावर तेच इस्त्री केलेलं हसू. त्या हसण्याखाली काय असेल, याचं बाईंना भारी कुतूहल वाटे. पण विचारणार कोण?

एका दुपारी बाई गेल्या तर दुकानात मशीनचा आवाज नव्हता. मागच्या खोलीत शिंपीण कात्री हातात घेऊन उभी होती, आणि समोर सून. जमिनीवर पुठ्ठ्याचे तुकडे. सुनेने कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापला होता! कापडाच्या कात्रीला शिंपीण कागदसुद्धा लागू देत नसे, धार जाते म्हणून.

आणि शिंपिणीचं इंग्रजी सुटलं. "मला विचारलंस का? ही काय पद्धत झाली? गप्प का, बोल की!" एवढ्यावर साठा संपला, राग उरला. तेव्हा ती ओरडली, "सूप गार आहे! मॅनेजरला बोलवा!"

सून हसली नाही. ती कानापर्यंत लाल झाली आणि इंग्रजीत अशी काही बोलत सुटली की शिंपिणीच्या हाती एक शब्द लागेना. तिने बाईंकडे पाहिलं. "काय म्हणतेय? सांगा ना!"

 नांदत्या घरात आपण ही काडी टाकून बसलो, असं बाईंच्या मनात आलं. गुळमुळीत करून सांगावं, असं क्षणभर वाटलं. मग म्हणाल्या, "ती म्हणते, तिने धुतलेला कप तुम्ही पुन्हा धुता."

"धुते! बुडाला साबण तसाच असतो."

बाईंनी तेही सांगितलं. सुनेने लगेच उलट टोला दिला.

"म्हणते, मग दाखवायचं होतं, चोरून काय धुता? आणि म्हणते, या घरात खिळासुद्धा तुमचा. तिच्या वस्तू अजून खोक्यात आहेत. त्यांना खण करायला पुठ्ठा कापत होती. जन्म काढायचाय इथे, तर एक फळी तरी माझी नको का, असं विचारतेय."

शिंपीण कात्रीसकट स्टुलावर बसली.

"जन्म काढायचाय, असं म्हणाली?"

"हो."

"तुम्ही मनचं घालून सांगत नाही ना?"

"एक अक्षरसुद्धा नाही."

शिंपिणीने बाहीने तोंड पुसलं. चेहरा मात्र रागावलेलाच ठेवला. भिंतीवरच्या फळ्यांकडे बोट करून ती म्हणाली, "सांगा तिला, वरची घे. मधल्या फळीवर माझ्या बटणांचे डबे आहेत, ते हलायचे नाहीत."

सुनेला बोटावरूनच कळलं. तिने हात वर ताणून दाखवला. बोटं वरच्या फळीला पोचत नव्हती. मग कंबरेवर हात ठेवून, अडखळत, पण इथल्याच भाषेत ती म्हणाली, "नाही. मधली."

"मधली म्हणे! अगं, बटणं मी काय डोक्यावर घेऊ?"

"मधली!"

बाईंनी पुस्तक पिशवीत घातलं. त्या निघाल्या ते दोघींपैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या दाराशी पोचेपर्यंत मागे बटणांचा पहिला डबा धाडकन खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ शिंपिणीचा, "अर्धी! अर्धीच देईन, सांगून ठेवते!"