गुळाला चिकटलेला बोरॉन

चिवटबाई हे नाव त्यांना कुणी ठेवले ते आता कुणालाच आठवत नाही. पण ते त्यांना शोभत नाही असे म्हणणारा माणूस अजून भेटायचा आहे.

औषधे शोधणाऱ्या एका संस्थेत, जिन्याखालच्या खोलीत, त्या बोरॉनची संयुगे तयार करीत. चंबू बर्फात बसवायचा, आत हवा शिरू द्यायची नाही, मग गाळायचे, सुकवायचे, आणि हाती काय यायचे, तर चिमूटभर पांढरी भुकटी. ती वरच्या मजल्यावर जाई. तिथे जंतूंवर काम करणारी एक तरुण बाई होती. चिवटबाई तिला सरळ ‘जंतूवाली’ म्हणत. ती बशीतल्या गुलाबी जेलीवर पू करणारे जंतू पसरी आणि भुकटीच्या द्रावणात भिजवलेल्या कागदी टिकल्या वर ठेवी. भुकटीत दम असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडे उमटते.

कडे उमटतच नव्हते. जंतू वाढले की ती जेली पिवळी पडते, आणि प्रत्येक बशी काठोकाठ पिवळी होऊन परत येई.

शेवटी शुक्रवारी साहेब खाली उतरले.

“बाई, पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं? सोमवारी इथं रंग तपासायचं यंत्र येतंय. बाटल्या टाकून द्या, खोली रिकामी करा.”

“घडा पालथा आहे की ओतणारीचा हात वाकडा, ते आधी बघू द्या.”

“सोमवार म्हणजे सोमवार!”

“या की. मी इथंच असेन.”

घरी आल्या तेव्हा तोंड एरंडेल प्यायल्यासारखे झाले होते. थोरली नणंद त्यांच्याकडेच राहायची. तिने ताट वाढता वाढता सगळी हकिगत काढून घेतली आणि कपाळाला हात लावला.

“सोड की गं! गुळाला मुंगळा चिकटावा तशी चिकटलीयस त्या खोलीला.”

“मुंगळा चावतोसुद्धा, वन्सं.”

“गूळ सापडल्यावर? चावायला तोंड मोकळं लागतं, बाई!”

बाईंचा घास हातातच राहिला.

कॉलेजात बोरिक आम्ल मोजताना त्यात मॅनिटॉल टाकत. मॅनिटॉल म्हणजे साखरेच्याच जातकुळीतला पदार्थ. बोरॉन त्याला असा काही मिठी मारतो, की मग दुसऱ्या कुणाकडे बघत नाही. आणि वरच्या गुलाबी जेलीत काय असते? मॅनिटॉलच. तेच खाऊन तर हे जंतू तिला पिवळी करतात. ती जेली निवडली कुणी? रंगावरून चटकन कळेल म्हणून, खुद्द चिवटबाईंनी.

“वन्सं, तुम्ही शास्त्रज्ञ व्हायला हवं होतं.”

“आधी जेव. मग माझी थट्टा कर.”

शनिवारी दार उघडताच त्या जंतूवालीपुढे उभ्या राहिल्या.

“साधी जेली काढ. मॅनिटॉलचा कणसुद्धा नको.”

“ताई, नव्या बशा लावायला साहेबांची मनाई आहे.”

“कुणाला? तुला की मला?”

“दोघींना.”

“मग बरंच झालं. ओरडा खायला सोबत आहे.”

जंतूवालीला हसू आवरेना. दोघींनी गुलाबी आणि साध्या बशा शेजारी शेजारी लावल्या. प्रत्येकीत एक टिकली भुकटी न घालता नुसत्या द्रावकात बुडवलेली ठेवली, म्हणजे जंतू द्रावकानेच मेले असे म्हणायला कुणाला तोंड उरू नये. मग बशा उबेच्या पेटीत गेल्या.

सोमवारी ढकलगाडी घेऊन हमाल आले, मागून साहेब आले. बाई खोलीच्या दारातच स्टूल टाकून बसल्या होत्या. मांडीवर दोन बशा, झाकणे चिकटपट्टीने बंद केलेली.

“हे काय नाटक आहे?”

“जंतू तेच, भुकट्या त्याच. ही गुलाबी बशी, पुन्हा सगळी पिवळी झालीय, कडं नाही. ही साधी. बघा.”

साध्या बशीत एका टिकलीभोवती कडे होते. लहान, पण काठ सुरीने कापल्यासारखा.

“एकच? बाकीच्या भुकट्या?”

“त्या खरंच मेलेल्या. मी स्वतःच्या हातानं टाकीन. ही टाकणार नाही. आमचा मुंगळा जेलीतल्या गुळाला चिकटला होता साहेब, चावणार कसा? ती जेली मी निवडली होती. शिक्षा मला करा, खोलीला नको.”

साहेबांनी बशी उजेडात धरली, फिरवून पाहिली. मग जपून चिमटा काढला.

“माणसाच्या रक्तातही साखर असते, बाई. तिथं काय करणार तुमचा मुंगळा?”

“ठाऊक नाही.” बाईंनी बशी परत घेतली. “तेच शोधायचंय. आणि त्याला खोली लागते.”

हमालाने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी यंत्राच्या खोक्याकडे पाहिले, मग जिन्याकडे. बाई स्टुलावरून हलल्या नाहीत.

“वरच घ्या रे ते,” साहेब म्हणाले, “माझ्या खोलीत.”